तुमचे प्रश्न, आबाची उत्तरं, मधे मधे आमची लुडबूड

मागच्या अंकात आम्ही मीरा रोडला राहणाऱ्या एका नायजेरियन कपडा व्यापाऱ्याबद्दल पानभर लिहिलं होतं, मशीद बंदर आणि उल्हासनगरहून रेडिमेड माल उचलून तिकडे पाठवतो तो, आणि त्यात त्याचं एक वाक्य छापलं होतं की आमच्या देशाच्या फुटबॉल टीमला हरवायला समोर कोणी लागतच नाही, आमचे साहेब लोक पुरेसे आहेत. बस्स, त्या एका वाक्यावर मेल आणि व्हॉट्सॲपचा नुसता ढीग लागला. म्हणून या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नाव छापायचं नाही ही त्याची अट. त्याचं गाव आबा, नायजेरियाच्या आग्नेयेला, त्यामुळे सोसायटीतली पोरं त्याला आबा म्हणतात आणि तोही ओ देतो. बोलतो हिंदी, मधे मधे मराठी, चिडला की इग्बो. ते सगळं मी आपल्या भाषेत आणलंय, आणि जिथे राहवलं नाही तिथे मी पण बोललोय.

प्रश्न (एक वाचक, डोंबिवली): ओसिमेन, लुकमन असले प्लेयर आहेत, युरोपात गोल मारतात, आफ्रिकेतला बेस्ट प्लेयर म्हणून बक्षिसं घेतात, मग टीम २०२६ च्या वर्ल्डकपला क्वालिफाय कशी नाही झाली? २०२२ ला पण नव्हती ना?

उत्तर: नव्हती. २०२२ ला घानाने घालवलं, राजधानी अबुजाला १-१ झाली, परक्या मैदानावरचा गोल जास्त धरायच्या अवे गोलच्या नियमावर बाहेर, आणि पब्लिक मैदानात घुसून तोडफोड करत सुटलं. पण या वेळचं आबाला जास्त लागलंय कारण हे एका रात्रीत नाही झालं, दोन वर्षं डोळ्यांदेखत होत होतं. ग्रुपमध्ये दहा मॅच, पहिल्या चारमध्ये तीन ड्रॉ आणि एक हार, म्हणजे बारापैकी तीन पॉइंट, आणि ड्रॉ कोणाशी तर लेसोथो, झिम्बाब्वे, ते पण. त्या काळात कोचची काय तऱ्हा होती बघा, पेसेइरो गेला, फिनिडी जॉर्जला आणलं तो दोन महिन्यांच्या आत राजीनामा देऊन मोकळा झाला, मग फेडरेशनने जाहीर करून टाकलं की ब्रुनो लब्बाडिया नावाचा जर्मन कोच येतोय आणि तो आलाच नाही, मग जुन्याच माणसाला तात्पुरतं बसवलं, आणि शेवटी जानेवारी २०२५ ला एरिक शेल. शेलने बरंच सावरलं, एकही मॅच न हरता शेवटी बेनिनला ४-० मारलं, ओसिमेनची हॅटट्रिक, पण ग्रुप गेला दक्षिण आफ्रिकेला एका पॉइंटने. गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे तीन पॉइंट फिफाने कापले होते, नियमात न बसणारा प्लेयर खेळवला म्हणून. ते कापूनसुद्धा ते पुढेच.

मग नोव्हेंबर २०२५, मोरोक्कोत प्लेऑफ. गॅबनशी मॅच दोन दिवसांवर आलेली आणि सगळी टीम ट्रेनिंगला गेलीच नाही, जुने बोनस थकलेले म्हणून. धावपळ झाली, आश्वासनं झाली, प्रकरण मिटलं, गॅबनला एक्स्ट्रा टाइममध्ये ४-१ हरवलं, आणि तीन दिवसांनी काँगोशी १-१ करून पेनल्टीवर हरले. ओसिमेन हाफटाइमलाच दुखापतीने बाहेर बसलेला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, आबा एकटाच जागा. शेल मॅचनंतर म्हणाला की पेनल्टीच्या वेळी समोरच्या बाकावरून कोणीतरी जादूटोणा करत होतं. मी हे आबापुढे काढलं तर तो म्हणे, अरे आमच्याकडे काय करणारे कमी आहेत का, पण त्यांचे पण पैसे थकवले असतील.

मी सरळच विचारलं, पैसे वेळेवर मिळाले असते तर जिंकला असता? नाही म्हणाला, असं नाही सांगता येणार, पेनल्टी आहे ती, कोणीपण चुकतो. पण मॅचला दोन दिवस राहिलेत तेव्हा प्लेयरच्या डोक्यात समोरचा गोलकीपर पाहिजे का अकाउंट्सवाला, एवढंच मला सांग.

प्रश्न (एक आजोबा, लालबाग): १९९४ ला आम्ही चाळीत रात्र रात्र जागून वर्ल्डकप बघितला. नायजेरियाचा येकिनी गोल मारून जाळीत हात घालून रडत होता ते अजून आठवतं. त्या टीमचं पुढे काय झालं हो?

उत्तर: आजोबा, तुम्ही हा प्रश्न लालबागहून विचारलात हे फार बरं झालं, आता कळेल का ते.

रशिदी येकिनीचा तो गोल बल्गेरियाविरुद्ध, देशाचा वर्ल्डकपमधला पहिलाच गोल, मॅच ३-० जिंकली. पुढे इटलीला ८८ व्या मिनिटापर्यंत १-० ने दाबून ठेवलेलं, इटलीचे दहाच प्लेयर उरलेले, आणि बाजिओने बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममध्ये पेनल्टीवर दुसरा मारला, खेळ खलास. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हीच टीम ट्युनिसमध्ये झांबियाला हरवून आफ्रिका चॅम्पियन झाली होती, कॅप्टन स्टीफन केशी. तेव्हाच्या लष्करी सरकारने खूश होऊन जाहीर केलं की प्रत्येकाला घर देणार. काहींना मिळालं, बाकीचे वाट बघत बसले. राहिलेल्यांची घरं मंजूर झाली २०२२ मध्ये, प्रेसिडेंट बुहारींच्या काळात. अठ्ठावीस वर्षांनी! येकिनी २०१२ लाच गेला, केशी २०१६ ला. आणि हा तोच केशी ज्याने २०१३ ला कोच म्हणून पुन्हा आफ्रिका कप जिंकून दिला, प्लेयर आणि कोच दोन्ही म्हणून जिंकणारा तो फक्त दुसरा माणूस.

मी आबाला गिरणी कामगारांच्या घरांचं सांगितलं. १९८२ चा संप, मग गिरण्या बंद, मग लॉटरी, मग यादी, मग कागदपत्रं, आणि घर लागेपर्यंत चावी घ्यायला नातू. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुमच्याकडे निदान लॉटरी तरी काढतात.

प्रश्न (एक वाचक, गिरगाव): खेळ हा खेळ असतो. प्रत्येक गोष्टीत राजकारण घुसवायची सवय तुम्हा पत्रकारांची. तुमच्या पाहुण्याला फुटबॉलवर बोलू द्या की.

उत्तर: दिलं की बोलू. तो फुटबॉलवर बोलायला लागला आणि तिसऱ्या मिनिटाला लष्करशहा सानी अबाचा आला.

झालं असं की १२ जून १९९३ ला नायजेरियात निवडणूक झाली, मोशूद अबिओला पुढे होते, मोठे उद्योगपती, फुटबॉलवर पैसा ओतणारे, स्वतःचा क्लब होता त्यांचा. लष्करशहा बबांगिडांनी ती निवडणूकच रद्द करून टाकली. काही महिन्यांत अबाचा खुर्चीवर, पुढच्या वर्षी अबिओला तुरुंगात. नोव्हेंबर १९९५ ला अबाचाच्या राजवटीने लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी दिली, नेल्सन मंडेलांनी जाहीर टीका केली, आणि दोनच महिन्यांनी आफ्रिका कप होता दक्षिण आफ्रिकेत. नायजेरिया गतविजेता. अबाचाने टीमच पाठवली नाही. त्याबद्दल आफ्रिकन फेडरेशनने शिक्षा केली, १९९८ च्या कपलाही खेळू दिलं नाही. आणि हे कधी तर जेव्हा ही टीम देशाच्या इतिहासातली सगळ्यात भारी होती तेव्हा, कारण मधल्या काळात १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सेमीफायनलला ब्राझीलला ४-३ आणि फायनलला अर्जेंटिनाला ३-२ हरवून गोल्ड घेतलं. कानू, ओकोचा, अमुनेके, काय टीम होती! आबा तेव्हा शाळेत, तो म्हणतो गोल्डच्या रात्री लोक रस्त्यावर नाचत होते आणि कोणाच्या घरी लाइट नव्हती, बॅटरीवर टीव्ही लावलेला.

आता पुढची तारीख बघा. ८ जून १९९८, अबाचा अचानक मेला. दोन दिवसांनी फ्रान्सचा वर्ल्डकप सुरू. १३ जूनला नायजेरियाने स्पेनला ३-२ हरवलं, ओलिसेचा तो लांबून मारलेला गोल यूट्यूबवर बघा नसेल बघितला तर. लोकांना कळेना आनंद नक्की कशाचा करायचा. आणि वर्ल्डकप संपायच्या आत, ७ जुलैला, अबिओला कोठडीतच वारले. त्यांना सोडणार म्हणून सगळा देश वाट बघत होता. आज अबुजाच्या नॅशनल स्टेडियमला अबिओलांचं नाव आहे आणि १२ जून हा लोकशाही दिन आहे. अबाचाने बाहेर नेऊन ठेवलेला पैसा अजूनही हप्त्याहप्त्याने परत येतो, एकट्या स्वित्झर्लंडने २०१७ च्या करारानुसार ३२ कोटी डॉलर दिले.

तर आता सांगा, यातलं राजकारण कुठून कापू? गिरगावकर, कात्री तुमच्याकडे देतो.

प्रश्न (एक वाचक, बदलापूर): खरंच का हो तिकडे एका मॅचमध्ये ७९ गोल झाले?

उत्तर: झाले. जुलै २०१३, खालच्या डिव्हिजनमध्ये प्रमोशनसाठी दोन क्लबना गोलफरक वाढवायचा होता, दोघांच्या मॅच एकाच वेळी, एकाने ७९-० जिंकली आणि दुसऱ्याने ६७-०. हाफटाइमला स्कोर होते ७-० आणि ६-०, म्हणजे बाकीचा पाऊस पाऊण तासात. चारही क्लबवर दहा वर्षं बंदी. आबाचं म्हणणं, चोरी करायची तर जरा हिशोबाने करावी, ७९ काय.

प्रश्न (एक वाचक, ठाणे): फेडरेशन इतकं भ्रष्ट आहे तर सरकार ते बरखास्त करून चांगली माणसं का नेमत नाही?

उत्तर: हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि यावर आबाचं नि माझं चांगलंच वाजलं.

सरकारने करून बघितलंय. २०१० च्या वर्ल्डकपला टीम ग्रुपमधूनच बाहेर पडली, प्रेसिडेंट गुडलक जोनाथन यांनी जाहीर केलं की टीम दोन वर्षं आंतरराष्ट्रीय खेळणारच नाही, आधी साफसफाई. फिफाने डोळे वटारले, काही दिवसांत घोषणा मागे. २०१४ ला कोर्टाने फेडरेशनच्या कमिटीला बाजूला केलं, मंत्र्यांनी आपला माणूस बसवला, फिफाने देशावरच बंदी घातली, नऊ-दहा दिवसांत सगळं पूर्ववत. तेव्हा पणाला काय लागलं होतं तर मुलींचा अंडर-२० वर्ल्डकप, पुढच्याच महिन्यात कॅनडात. बंदी उठली, मुली गेल्या आणि थेट फायनलला पोचल्या.

हे वाचून काही आठवतंय का? ऑगस्ट २०२२. आपल्या फुटबॉल फेडरेशनची निवडणूक रखडलेली, अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० लाच संपलेली तरी ते पदावर, सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये त्यांना बाजूला करून प्रशासकांची समिती नेमली, आणि फिफाने बाहेरचा हस्तक्षेप म्हणून भारतावर बंदी घातली. पणाला काय, तर मुलींचा अंडर-१७ वर्ल्डकप, दोन महिन्यांवर, आपल्याच देशात. समितीचा कारभार गुंडाळला तेव्हा ११ दिवसांनी बंदी उठली. खुर्ची मोठ्यांची आणि ओलीस मुली, दोन्हीकडे.

आबाचं म्हणणं फिफाचा नियम बरोबर आहे. आमच्या मंत्र्यांच्या हातात टीम दिली तर ते मेहुण्याला सेंटर फॉरवर्ड खेळवतील. आणि अबाचाने काय केलं ते माहितीच आहे. माझं म्हणणं वेगळं. पैसा येतो सरकारी तिजोरीतून, विमान सरकारचं, बोनस मंत्रालयातून सुटणार, आणि हिशोब मागितला की फेडरेशन म्हणणार आम्ही फिफाचे, हात लावाल तर बंदी. मंत्र्याला विचारलं तर तो म्हणणार फेडरेशन स्वतंत्र आहे. प्लेयर मधे. आपल्या बिल्डिंगमधे गच्ची गळते तेव्हा वरचा म्हणतो सोसायटीचं काम, सोसायटी म्हणते बिल्डरचं, आणि बादली मात्र शेवटच्या मजल्यावरच्याने ठेवायची, तसं. आणि फिफा म्हणजे काय धुतल्या तांदळाची? त्यांच्याच कार्यकारिणीतल्या नायजेरियाच्या अमोस अडामूंवर २०१० मध्ये त्यांनाच तीन वर्षांची बंदी घालावी लागली, वर्ल्डकप कुठे भरवायचा त्या मतासाठी पैसे मागताना वेष बदलून गेलेल्या पत्रकारांनी पकडलं म्हणून.

माझं साधं मत, सरकारने निवड समितीला आणि खुर्च्यांना हात लावू नये, पण आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचं, तिकडे नायराचं, ऑडिट जाहीर करावं. कोणाला किती बोनस मंजूर, कोणत्या तारखेला दिला, टाका वेबसाइटवर. त्याला कुठला नियम आड येतो? आबा म्हणाला, नियम नाही येत, ऑडिटर येतो.

प्रश्न (एक ताई, दादर): पुरुषांचंच सगळं चाललंय. तिकडच्या मुलींच्या टीमबद्दल सांगा ना.

उत्तर: ताई, खरं सांगायचं तर जिंकतात त्याच. महिलांचा आफ्रिका कप त्यांनी दहा वेळा घेतलाय, दहावा जुलै २०२५ ला, फायनलमध्ये मोरोक्कोविरुद्ध मोरोक्कोतच ०-२ ने मागे असताना ३-२. आणि तुम्हाला माहीत नसेल तर, आपण वर म्हटलं त्या अंडर-१७ वर्ल्डकपची तिसऱ्या नंबरची मॅच नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला झाली, ३० ऑक्टोबर २०२२, नायजेरियाच्या मुलींनी जर्मनीला पेनल्टीवर हरवलं. आबा होता तिथे. नेरूळहून मीरा रोडला परत येताना गळा बसलेला.

२०१६ ला याच सीनियर टीमने आफ्रिका कप जिंकला आणि घरी आल्यावर पैसे मिळेनात म्हणून कप घेऊन अबुजात संसदेवर मोर्चा नेला. चॅम्पियन बायका, हातात बोर्ड. २०२५ ला मात्र प्रेसिडेंट टिनुबूंनी एकदम प्रत्येकीला एक लाख डॉलर आणि तीन बेडरूमचा फ्लॅट जाहीर केला. छान. पण त्याच आठवड्यात देशभरातल्या सरकारी नर्सेस पगार आणि भत्त्यांसाठी संपावर गेल्या. आबाची थोरली बहीण नर्स आहे, तिने त्याला फोनवर म्हटलं की मी पण गोलकीपरच आहे रे, फक्त माझ्या मागे कॅमेरा नाही.

मला विचाराल तर त्या मुलींना दिलं ते कमीच आहे. प्रश्न रकमेचा नाहीच. हक्काचा बोनस थकवायचा आणि मग स्टेजवर बोलावून बक्षीस द्यायचं, फोटो काढायचा, यात देणारा मोठा होतो आणि घेणाऱ्याने आभार मानायचे. ठरलेले पैसे ठरलेल्या तारखेला दिले तर फोटो कशाचा काढणार?

प्रश्न (एक वाचक, विरार): साप पैसे खातो म्हणे तिकडे?

उत्तर: फेब्रुवारी २०१८, परीक्षा बोर्डाच्या मकुर्डीच्या ऑफिसात ३ कोटी ६० लाख नायरांचा हिशोब लागेना, तर एका क्लार्कबाईंनी सांगितलं की साप येऊन गिळून गेला. सगळं जग हसलं. मी पण हसणार होतो, तेवढ्यात आठवलं की पुढच्याच महिन्यात आपल्या विधानसभेत एकनाथ खडसे मंत्रालयातल्या उंदरांचा हिशोब मागत होते, सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारले कसे म्हणून. सरकारने सांगितलं की तो आकडा उंदरांचा नाही, गोळ्यांचा आहे. आबाला हे फार आवडलं. आमचा साप इकडे पाठवा म्हणतो, उंदीर तरी खाईल.

प्रश्न (एक वाचक, भांडुप): आबांचा स्वतःचा क्लब कुठला? आणि भ्रष्ट नेत्याने क्लबला मोठं केलं तर त्या नेत्याला शिव्या द्यायच्या की हार घालायचे?

उत्तर: भांडुपकर, तुम्हाला माहीत होतं की सहज नेम लागला? कारण आबाचा क्लब एनयिंबा, आणि त्याची गोष्ट अगदी हीच.

आधी एक समजून घ्या, नायजेरियन लीगमधले बहुतेक क्लब राज्य सरकारांच्या मालकीचे आहेत. म्हणजे गव्हर्नर खूश तर क्लबला बस, हॉटेल, पगार, सगळं. गव्हर्नर बदलला किंवा नाराज झाला की सहा सहा महिने पगार नाही. एनयिंबा आबिया राज्याचा क्लब, ग्राउंड आबा शहरात. १९९९ ते २००७ गव्हर्नर होते ओर्जी उझोर कालू, फुटबॉलचा नाद असलेला माणूस. त्यांच्या काळात एनयिंबाने २००३ ला आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकली, अख्ख्या देशात तोपर्यंत कोणालाच जमलं नव्हतं, आणि २००४ ला परत जिंकली. आबा तेव्हा विशीत, अरिआरिया मार्केटमध्ये मामाच्या गाळ्यावर. अरिआरिया म्हणजे चामड्याचं, कपड्यांचं अवाढव्य मार्केट, धारावी आणि उल्हासनगर एकत्र केलं तर अंदाज येईल. तो म्हणतो कप आणला त्या दिवशी गाळ्यावर एक पैशाचा धंदा झाला नाही आणि कोणी तक्रार पण केली नाही. आणि पावसाळ्यात त्याच मार्केटच्या रस्त्यात गुडघाभर पाणी, माल डोक्यावर घेऊन जायचं. रस्त्याचे पैसे कुठे जातात हे विचारलं की लोक म्हणायचे, अरे पण कप आणला ना.

पुढे आर्थिक गुन्ह्यांच्या कमिशनने कालूंवर केस केली, सात अब्ज नायरांहून जास्त सरकारी पैशांच्या अफरातफरीची. चालली बारा वर्षं. डिसेंबर २०१९ ला बारा वर्षांची शिक्षा झाली, पाच महिन्यांनी, मे २०२० ला, सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, कारण निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना मधेच वरच्या कोर्टात बढती मिळाली होती आणि त्यामुळे त्यांना तो खटला चालवायचा अधिकार उरला नव्हता. तांत्रिक मुद्दा. पुन्हा खटला चालवा म्हणाले, तो पुढे दुसऱ्या कोर्टाने थांबवला. म्हणजे कायद्याने ते दोषी नाहीत, आणि २०१९ पासून ते सिनेटर आहेत. मी इथे जेवढं रेकॉर्डवर आहे तेवढंच लिहितोय.

आता आबाला मी तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, शिव्या का हार. बराच वेळ तो कपड्याच्या गाठीला टेकून बसला होता. मग म्हणाला की कप मी पाहिलाय, खरा होता, प्लेयरनी पळून पळून जिंकला, गव्हर्नरने एक पण गोल मारला नाही. मग हार त्याला कशाला? आणि पैसा त्याचा नव्हताच, आबियाच्या लोकांचा होता, आमचाच. आमच्या पैशाने आम्हाला कप दिला तर थँक्यू कसलं. पण, इथे तो थांबला, पण त्याच्यानंतर जे आले त्यांनी रस्ता पण नाही दिला आणि कप पण नाही दिला, म्हणून आबात आजही लोक त्या दिवसांचं नाव काढतात, आणि मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही.

हे मला पटलं नाही पूर्ण. असंच म्हणत म्हणत आपण पण दहीहंडीला लाखांची बक्षिसं लावणाऱ्याला निवडून देतो. पण त्याला ते सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं, कारण आमच्या गल्लीतल्या हंडीला मी स्वतः टी-शर्ट घालून उभा असतो, छातीवर साहेबांचा फोटो.

प्रश्न (नाव-पत्ता नको, मीरा रोड): तुम्ही या लोकांना डोक्यावर घेताय. ड्रग्जचं काय? पेपरात रोज येतं.

उत्तर: येतं, आणि ज्याने केलं त्याला पकडावं, आबाचं याबाबत माझ्यापेक्षा कडक मत आहे कारण पोलीस त्या एकाला पकडतात आणि घर आबाचं जातं. भाड्याच्या जागेसाठी त्याला किती दारं बंद झाली ते तो सांगत नाही, बायको सांगते. त्याचं म्हणणं एवढंच, की घरात तेल असलेल्या देशातली पोरं एवढ्या लांब का येतात हे पण कधीतरी विचारा. आमचे गव्हर्नर लंडनला काय काय घेऊन बसलेत बघा. डेल्टा राज्याचे गव्हर्नर जेम्स इबोरी यांना २०१२ ला लंडनच्या कोर्टाने तेरा वर्षं दिली, आणि हे गृहस्थ गव्हर्नर व्हायच्या आधी तिथेच हार्डवेअरच्या दुकानातून चोरी करताना पकडले गेले होते. त्या दुकानाने त्यांना ओळखलं, आमच्या पार्टीने नाही ओळखलं.

प्रश्न (एक वाचक, परळ): चिमा ओकोरी! कूपरेजला बघितलाय आम्ही. आबांना माहीत आहे का तो?

उत्तर: नाही ना माहीत! मला धक्काच बसला. कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांतून खेळला, रोव्हर्स कपच्या जमान्यात कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून लोक त्याच्या नावाने ओरडायचे, आणि त्याच्याच देशातल्या माणसाला पत्ता नाही. ओगबेचे मात्र माहीत आहे, २००२ चा वर्ल्डकप खेळलेला, आणि २०२०-२१ ला मुंबई सिटीने आयएसएल जिंकली तेव्हा आपल्या टीममध्ये होता. परळकर, तुमच्याकडे चिमाच्या वेळची कात्रणं असतील तर पाठवा, मी आबाला नेऊन दाखवतो.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, कल्याण): २०२७ ला त्यांच्याकडे निवडणूक आहे. ते मत द्यायला जाणार का?

उत्तर: बाहेर राहणाऱ्या नायजेरियनांना बाहेरून मत देता येत नाही, तिकडे जाऊनच द्यावं लागतं आणि तिकिटाचे पैसे बघता आबा नाही म्हणतोय. २०२३ ला जेमतेम २७ टक्के मतदान झालं. आयोगाने सांगितलं होतं की प्रत्येक बूथचा निकाल त्याच दिवशी वेबसाइटवर दिसेल, आणि प्रेसिडेंटच्या निवडणुकीचे निकाल नेमके तेवढेच वेळेत चढले नाहीत. त्याच्या चुलतभावाने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं होतं, उन्हात पाच तास उभा राहून. तो आता म्हणतो मी फक्त मॅच बघणार, तिथे निदान गोल झाला की स्क्रीनवर लगेच येतो.

प्रश्न (एक वाचक, चर्नी रोड): नायजेरियाची ती हिरवी-पांढरी २०१८ ची जर्सी मुंबईत कुठे मिळेल? ओरिजिनल नको, परवडत नाही.

उत्तर: फॅशन स्ट्रीटला विचारून बघा. आबाला मी तिथली एक नेऊन दाखवली तर त्याने आधी उलटी करून शिलाई बघितली, बगलेतला धागा ओढला, आणि म्हणाला दोन धुण्यात जाईल, घेऊ नको, मी उल्हासनगरला बरी बनवून देतो, पन्नास पीसची ऑर्डर काढ. तर ज्यांना हवी त्यांनी साइज कळवा. ॲडव्हान्स घेणार आहे तो, आधीच सांगतो, उधारीवर त्याचा विश्वास उरलेला नाही.